म्हातारा राखणदार



भांडण हातघाईवर आलं की आपल्याकडे एक शिवी हटकून ऐकू येते. "कुत्र्याच्या मौतीनं मरशील!" लहानपणापासून मी ही शिवी ऐकत आलो. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, तेव्हा मुलांच्या तोंडून ऐकली आणि त्याबद्दल त्यांचे कानही पिळले. पण कुत्र्याची मौत म्हणजे नेमकी कशी असते, आणि ती तशी का असते, हा विचार काही पासष्टी उलटेपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

तो शिवला आमच्या खंड्यामुळे, आणि आज त्याच्याविषयीच बोलणार आहे. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. जे बोलेन ते काही अनुभवाचं, काही डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि काही त्यानंतर मुद्दाम वाचलेलं.

२०१० साली जेजुरीची सोमवती करून आम्ही परतलो, त्याच दिवशी शेजारच्या धनगरवाड्यातून हे पिल्लू घरी आलं, म्हणून त्याचं नाव खंड्या. मळ्यातलं घर, गोठा, चार शेळ्या आणि विहिरीवरची मोटार, एवढं त्याचं राज्य. दहा वर्षं त्यानं ते चोख सांभाळलं. रात्री बांधावर कोणी खाकरलं तरी त्याला कळायचं. मोबदला काय, तर सकाळ-संध्याकाळ चतकोर भाकरी आणि उरलंसुरलं कालवण.

२०२१ च्या उन्हाळ्यात एका रात्री विहिरीवरची केबल चोरीला गेली. तांब्यासाठी केबल कापून नेतात, हे मळ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. खंड्या त्या रात्री विहिरीपासून वीस पावलांवर झोपला होता. तो भुंकला नाही, उठलाही नाही. सकाळी आम्ही गेलो तर शेपूट हलवत उभा! घरात सगळ्यांचं एकमत झालं, की हा आता कामातून गेला. आठ दिवसांत नवं पिल्लू आलं, वाघ्या. वाघ्याला ओसरी मिळाली आणि खंड्याला गोठ्यामागं साखळी. साखळी कशाला, तर म्हातारा मधे मधे येतो आणि पिल्लावर गुरगुरतो. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता हो. भाकरी वेळेवर जात होती. मोडकी बाज आपण परसदारी नेऊन टाकतो, तितक्याच सहजपणे हे घडलं.

दोन महिन्यांत खंड्या पार बदलला. दिवसभर झोपायचा आणि रात्री बारा-एकच्या सुमाराला तोंड वर करून रडायचा. गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उगाच उभा राहायचा. झोपल्या जागी ओलं करायचा. एकदा नातवानं मागून जाऊन पाठीवर हात ठेवला, तर त्याच्यावर दात विचकले. आणि रात्री कुत्रं रडायला लागलं की गावात काय बोलतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याला म्हणे यमदूत दिसतात! पंधरवड्यात वस्तीवरची एक आजी वारली. नव्वदी पार केलेली बाई, पण बोट गेलं ते खंड्याकडे. शेजारी म्हणाला, "गुरुजी, पिसाळलाय तो. बाजारच्या दिवशी नदीपलीकडं सोडून या. पोतं मी देतो."

आणि मी पोतं घेतलं. सांगायला लाज वाटते, पण हे गाळून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट ज्यानं वर्गात वर्षानुवर्षं सांगितली, त्याच मास्तरानं बाजारच्या दिवशी खंड्याला टेंपोत चढवलं. साखळी सोडली तेव्हा त्यानं शेपूट हलवली. किती दिवसांनी फिरायला निघालो, असं वाटलं असावं त्याला.

खंड्या वाचला तो टेंपोवाल्यामुळे. तो म्हणाला, "पिसाळलेला असला तर माझ्या गाडीत नको. आधी दवाखान्यात दाखवा." वाटेवरच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लशीचा. ती आम्ही दरवर्षी टोचून घेत होतो. दुसरा प्रश्न विचारला, "हे किती दिवस चाललंय?" मी म्हणालो, "दोन महिने." तेव्हा ते म्हणाले, "मग हा पिसाळलेला नाही, गुरुजी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. दोन महिने पिसाळून कोणी जगत नाही."

इथं थोडं थांबतो, कारण यातून चुकीचा अर्थ कोणी काढू नये. लस न टोचलेला कुत्रा एकाएकी विचित्र वागू लागला, लाळ गाळू लागला, दिसेल त्याला चावू लागला, तर त्याला म्हातारपण समजून जवळ जाऊ नका. मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हळद, चुना, मिरची यांत वेळ घालवू नका. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की तो जवळजवळ कधीच वाचत नाही. लस मात्र वेळेवर घेतली तर वाचवते. म्हाताऱ्या कुत्र्यालाही वर्षाची लस चुकवू नये. आता कुठं फिरतोय तो, असं म्हणून पुष्कळ लोक तीच नेमकी चुकवतात.

तर डॉक्टरांनी खंड्याला तपासलं. त्याच्या मागं उभं राहून जोरात टाळी वाजवली, त्याचा कानही हलला नाही. "बहिरा झालाय हा. केबल नेली त्या रात्री यानं कामचुकारपणा नाही केला, याला ऐकूच आलं नाही." मागचे पाय वाकवून पाहिले, तेव्हा खंड्या कळवळला. सांधे धरले होते. माणसाचे गुडघे धरतात, तसंच ते. नातवानं हात ठेवला तो नेमका दुखऱ्या जागी, आणि ऐकू न येणाऱ्याला झोपेतून दचकवून. डोळ्यांत निळसर झाक आली होती, ती मी मोतीबिंदू समजत होतो. ते म्हणाले, मोतीबिंदू वेगळा. वय झालं की डोळ्यातलं भिंग घट्ट होतं आणि अशी झाक येते, पण पुष्कळसं दिसत राहतं.

आणि शेवटी म्हणाले, "मेंदूलाही म्हातारपण येतं, गुरुजी. पण याचं दुखणं वाढलं ते तुम्ही याचं काम काढून घेतलंत म्हणून. आणि त्याबरोबर माणसंही काढून घेतलीत."

ते वाक्य मी पोत्यासकट घरी घेऊन आलो.

मेंदूच्या म्हातारपणाविषयी नंतर वाचलं, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी २००१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत मेंदू थकल्याचं एक तरी लक्षण आढळलं. ओळखीच्या जागी वाट चुकणं, दिवसाची रात्र होणं, घरच्या माणसांशी वागणं बदलणं, नको तिथं ओलं करणं, ही ती लक्षणं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मेंदूत जे एक प्रथिन साचतं, तेच म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूतही साचलेलं सापडतं. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात यमदूताची गोष्ट निघाली तर मुलांना हे अवश्य सांगा. त्या कुत्र्याला यमदूत दिसत नाही. रात्र आहे की दिवस, आपण कुठं आहोत, हेच त्याला कळेनासं झालेलं असतं. ऐकू येत नाही, आसपास माणसाचा वास नाही, म्हणून तो हाक मारतो. आपण त्या हाकेला रडणं म्हणतो आणि दगड उचलतो.

हे दुखणं मुळातून बरं करणारं औषध नाही. पण त्याची चाल मंदावता येते. कॅनडा-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बीगल जातीच्या ४८ म्हाताऱ्या कुत्र्यांवर दोन वर्षं प्रयोग करून २००५ साली त्याचे निष्कर्ष छापले. काहींना नेहमीसारखंच ठेवलं. काहींना सोबती दिला, फिरवलं, खेळणी आणि नवनवी कोडी दिली. काहींना शरीराची झीज रोखणारी जीवनसत्त्वं घातलेला आहार दिला, आणि काहींना दोन्ही. ज्यांना दोन्ही मिळालं, त्यांची शिकण्याची ताकद सर्वांत चांगली टिकली. भाजल्या मडक्याला आकार देता येत नाही असं आपण म्हणतो, ते मडक्याच्या बाबतीत खरं असेल.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे खंड्या ओसरीवर परत आला. त्याला एक कोपरा दिला आणि तो पुन्हा हलवला नाही. पाण्याचं भांडंही रोज त्याच जागी, कारण थकलेल्या मेंदूला सवयीची वाट लागते. आमच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे, तिच्यावर त्याचे मागचे पाय घसरायचे. तिथं शेजाऱ्याचंच ते पोतं पसरलं. रात्री एक लहानसा बल्ब चालू ठेवला. डॉक्टरांनी सांध्यांसाठी गोळ्या दिल्या, त्यांच्याच मापानं दिल्या. आपल्या घरातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला मुळीच देऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी त्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मग काम. बहिऱ्या आणि लंगड्या राखणदाराला काम कसलं द्यायचं? इथं आम्हाला वाट दाखवली ती त्याच्या नाकानं. कान जातात, डोळे मंदावतात, पण नाक बहुधा पुष्कळ काळ साथ देतं. पहाटे मी विहिरीपर्यंत जातो, त्याला बरोबर घेऊ लागलो. पूर्वी मी पुढं आणि तो धावत मागं, असं असायचं. आता तो पुढं आणि मी मागं. बांधावरच्या प्रत्येक दगडाशी, प्रत्येक रुईच्या झुडपाशी तो थांबायचा. आधी मी ओढायचो, "चल रे!" मग लक्षात आलं, की हा त्याचा पार आहे. रात्री कोण आलं, कोल्हा गेला की मांजर, शेजारची कुत्री कुठं फिरतेय, ही सगळी गावगप्पा त्याला तिथं मिळते. मीही पारावर गप्पा ऐकताना कोणी दंड धरून ओढलेलं सहन केलं नसतं. दोनशे पावलांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागायचा. लागू द्या! म्हाताऱ्या कुत्र्याला लांब पल्ला नको, पण वेळ हवा.

दुसरं काम नातवानं काढलं. तीन जुन्या जर्मनच्या वाट्या पालथ्या घालायच्या आणि एकीखाली दुधात मळलेल्या भाकरीची गोळी ठेवायची. खंड्यानं हुंगून वाटी उलथायची. पहिल्या दिवशी तो नुसताच बघत बसला. चौथ्या दिवशी पहिल्याच फटक्यात बरोबर वाटी. मग गोळ्या कडब्याच्या पेंढीत लपवल्या, जुन्या गोधडीच्या घडीत लपवल्या. रोजची चतकोर भाकरी एकदम पुढ्यात टाकण्याऐवजी निम्मी अशी शोधून खायला लावली. खर्च काही नाही, भाकरी तीच. हरला की नातू वाटी जरा तिरकी करून वास सुटू द्यायचा. म्हाताऱ्याला हरवण्यासाठी खेळायचं नसतं, हे पोराला कोणी शिकवलं कोण जाणे.

या हुंगण्याविषयीही एक प्रयोग झालेला आहे. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन संशोधिकांनी तो २०१९ साली प्रसिद्ध केला. खोलीच्या एका बाजूला ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या भांड्यात नसतो, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग भांडं ठेवलं बरोबर मधे. कुत्रा तिकडे लगबगीनं जातो की रेंगाळत, ते मोजलं. लगबगीनं गेला तर त्याच्या मनात आशा आहे, असं समजायचं. नंतर निम्म्या कुत्र्यांना दोन आठवडे हुंगून शोधायचं काम दिलं आणि निम्म्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला लावलं. ज्यांनी नाक वापरलं, ते पुढच्या खेपेला मधल्या भांड्याकडे अधिक वेगानं गेले. दुसऱ्यांत फरक पडला नाही. जनावराच्या मनातली आशा अशी मोजता येते, हे वाचून मी थक्क झालो. शिक्षकांना वाटलं तर मुलांकडून तीन वाट्यांचा खेळ करवून घ्यावा, किती वेळ लागला ते वहीत मांडून ठेवावं. फक्त कुत्रा घरचा, लस टोचलेला आणि गरीब स्वभावाचा हवा. रस्त्यावरच्या कुत्र्यावर हा प्रयोग नको.

तिसरं काम म्हणजे नवी भाषा. हाक ऐकू येत नव्हती, तेव्हा हाताच्या खुणा शिकवल्या. हात वर म्हणजे ये, पंजा पुढं म्हणजे थांब. अंधारात बोलवायचं तर बॅटरी दोनदा उघडमीट. अकरा वर्षांचा खंड्या हे दोन आठवड्यांत शिकला. माझ्या वर्गातल्या काही चिरंजीवांना दोनचा पाढा याहून जास्त दिवस लागले होते! झोपलेला असला तर हात लावून उठवायचं नाही, जवळ जाऊन जमिनीवर पाय आपटायचा. जमीन हादरलेली त्याला कळते. नातवाला हे सांगितल्यापासून पुन्हा कधी त्यानं दात दाखवले नाहीत.

आणि शेळ्या. संध्याकाळी शेळ्या हौदावरून गोठ्यात आणायच्या, हे त्याचं जुनं काम. वाट जेमतेम चाळीस पावलांची, आणि शेळ्या त्याच्याशिवायही येतात. तरी खुणेनं त्याला बोलावून मागं चालायला लावू लागलो. लंगडत, पण मान वर करून चालायचा. वाघ्या त्याच्या मागं. पिल्लाला आम्ही एक शिस्त लावली, भाकरी आधी म्हाताऱ्याला, मग त्याला. म्हाताऱ्याची झोपायची जागाही वेगळी, जिथं पिल्लाचे दात पोचणार नाहीत. एवढं केल्यावर गुरगुरणं आपोआप कमी झालं.

खाण्याचं फार काही नाही. दात झिजले होते म्हणून भाकरी दुधात किंवा पातळ ताकात भिजवून. मात्र कांदा-लसूण घातलेलं कालवण बंद केलं, कारण त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बेदाणे आणि द्राक्षंही त्याला चालत नाहीत. द्राक्षबागा असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

रात्रीचं रडणं बंद झालं का? तर नाही. कमी झालं. आठवड्यातून एखादी रात्र यायची. तेव्हा मी उठून त्याच्याशेजारी बसायचो, छातीवर हात ठेवायचो. हाताचा वास आला की तो निवायचा. माझीही झोप आता तशी कमीच आहे.

युधिष्ठिरानं कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला, ही गोष्ट आपण मुलांना मोठ्या अभिमानानं सांगतो. व्यासांनी त्या कुत्र्याचं वय काही सांगितलेलं नाही. हिमालय चढला म्हणजे तरणाच असावा! खऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट ग्रीकांच्या होमरनं सांगितली आहे. त्याच्या ओडिसीत आर्गोस नावाचा कुत्रा वीस वर्षं धन्याची वाट पाहतो. धनी घरी नाही म्हणून त्याला कोणी विचारत नाही, आणि तो अंगावर गोचिड्या घेऊन दाराबाहेर शेणाच्या ढिगावर पडलेला असतो. भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या धन्याला घरातलं कोणी ओळखत नाही. हा ओळखतो, शेपूट हलवतो, जवळ यायची ताकद नसते, आणि तिथंच प्राण सोडतो. वाचताना मला तो शेणाचा ढीग आमच्या गोठ्यामागचाच वाटला.

खंड्या त्यानंतर दीड वर्ष जगला. २०२३ च्या जानेवारीत त्यानं खाणं टाकलं. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, फार वेदना दिसल्या तर कळवा, सुई देऊन शांतपणे झोपवता येईल. त्यात पाप मानू नका. ती वेळ आली नाही. शेवटच्या संध्याकाळी नातवानं वाट्या मांडल्या. खंड्यानं पहिली हुंगली, दुसरी हुंगली, तिसरीवर पंजा ठेवला आणि तसाच पडून राहिला. वाटी बरोबर होती. गोळी त्यानं खाल्ली नाही.

पहाटे तो ओसरीवरच गेला. वाघ्या जवळ बसून होता. खड्डा खणायला शेजारी कुदळ घेऊन आपणहून आला. बांधावरच्या लिंबाखाली त्यानंच खणला. त्याचं पोतं तेव्हा खंड्याच्या अंगाखालीच होतं. मी ते परत देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या, गुरुजी."